पंधरा वॅटचा संसार

हँडहेल्ड गेमिंग पीसी घ्यावा का, असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा दोनच आकडे पुढे करतो: चिप कोणती आणि रॅम किती. दुकानदारही तेच सांगतो, खोक्यावरही तेच छापलेलं असतं. यंत्र घरी आल्यावर मात्र रोज गाठ पडते ती वॅटशी. डेस्कटॉपमध्ये बसणारं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज ओढू शकतं. स्टीम डेकमधली चिप, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही धरून, १५ वॅटवर थांबते. म्हणजे तिसावा हिस्सा. एवढ्यात ‘एल्डन रिंग’ चालतो, ‘सायबरपंक २०७७’ चालतो, आणि बरा चालतो. तो तसा चालत राहावा म्हणून मालकाला काय काय करावं लागतं, हे पैसे मोजण्याआधी माहीत असलेलं बरं. माझ्या मते इथे चिपचा नंबर तिसरा. पहिला मान वीज कुठे खर्च होते याला, आणि दुसरा बटण दाबल्यावर यंत्र नीट झोपतं का याला.

हातात मावणारा विंडोज पीसी ही कल्पना जुनी आहे. सोनीने २००६मध्ये वायो यूएक्स काढला होता, पण तो ऑफिसच्या कामासाठी होता. गेमसाठी म्हणून नाव घेण्याजोगा प्रयत्न शेन्झेनच्या जीपीडी या छोट्या कंपनीने केला. २०१६चा जीपीडी विन म्हणजे साडेपाच इंची स्क्रीन, इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, चिमुकला कीबोर्ड आणि त्याच्या वरच्या बाजूला दोन जॉयस्टिक. पैसा लोकवर्गणीतून उभा केलेला. जुने गेम त्यावर चालायचे, नवे धापा टाकायचे. २०१७च्या मार्चमध्ये निन्टेन्डोचा स्विच आला आणि मोठ्या माणसांनाही हातात धरून मोठे गेम खेळायचे असतात, हे त्याच्या खपाने दाखवून दिलं. २०२१मध्ये आयानिओने एएमडीचा रायझन ४५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर तशाच आकारात बसवला. यंत्र चांगलं होतं. पण किंमत चांगल्या लॅपटॉपची, आणि गिऱ्हाईक मूठभर हौशी.

खरी उलथापालथ केली ती व्हॉल्व्हने. गंमत म्हणजे ती एका अपयशातून आली. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या या कंपनीने २०१५मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे, लिनक्सवर चालणारे छोटे पीसी वेगवेगळ्या उत्पादकांकडून बाजारात आणले होते. ते साफ पडले, कारण लिनक्ससाठी लिहिलेले मोठे गेम फारसे नव्हते. विकत घेऊन खेळायचं काय? यावर व्हॉल्व्हने काढलेला तोडगा असा की गेम बनवणाऱ्यांची मनधरणी करत बसायचं नाही; विंडोजसाठी लिहिलेला गेम जसाच्या तसा लिनक्सवर चालवून दाखवायचा. १९९३पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प त्यासाठी हाताशी होता. शिवाय विंडोजची डायरेक्टएक्स ही ग्राफिक्सची भाषा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके नुकताच तयार झाला होता, तोही एका तरुण प्रोग्रामरला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. हे सगळं एकत्र बांधून ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन बाहेर आलं.

प्रोटॉनचं मोल कळलं ते चार वर्षांनी. २८ फेब्रुवारी २०२२ला स्टीम डेक लोकांच्या हाती पडू लागला, आणि त्याच्या तीनच दिवस आधी ‘एल्डन रिंग’ आला होता. विंडोज पीसीवर हा गेम मधूनमधून अडखळत होता. भल्या महागड्या कार्डांवरही. व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये दुरुस्ती केली, आणि गेमला लागणारे शेडर, म्हणजे चित्र रंगवण्याच्या सूचना, आधीच तयार करून डाउनलोडबरोबर पाठवण्याची सोय तर डेकवर होतीच. परिणाम असा की मूळ विंडोजपेक्षा हातातल्या लिनक्सवर तो गेम कमी अडखळला. चित्र कमी देखणं असेल, फ्रेम कमी असतील, पण चाल सलग. सगळ्या डेकमध्ये एकच चिप असते म्हणून हे जमतं. डेस्कटॉपच्या जगात शेकडो कार्डं आणि हजारो जोड्या; तिथे शेडर आधी शिजवून कुणाकुणाला पाठवणार?

डेक स्वतः दिसायला बोजड होता: ६६९ ग्रॅम वजन, सात इंची १२८० × ८०० स्क्रीन, १६ जीबी रॅम, ४० वॅट-तासांची बॅटरी. अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. एवढ्या पैशात असं यंत्र देणं बाकीच्यांना परवडत नव्हतं. व्हॉल्व्हला परवडलं, कारण त्यांची कमाई गेमच्या विक्रीतून होते. नोव्हेंबर २०२३मध्ये ओएलईडी मॉडेल आलं. स्क्रीन ७.४ इंच आणि ९० हर्ट्झ, बॅटरी ५० वॅट-तास, आणि वजन उलट कमी, ६४० ग्रॅम. चिपची ताकद जवळपास तीच, पण ती आता सहा नॅनोमीटरवर बनलेली, त्यामुळे कमी वीज खाणारी. कागदावर किरकोळ वाटणारी ही सुधारणा वापरताना सगळ्यात जास्त जाणवते.

आता आपल्याकडची अडचण. व्हॉल्व्ह हा लेख लिहीपर्यंत तरी डेक भारतात अधिकृतपणे विकत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो मिळतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला. त्यावर आयात करणाऱ्याचा नफा चढलेला आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. न्यू जर्सीतली आतेबहीण दिवाळीला येणार असेल तर गोष्ट वेगळी, आणि अनेक मराठी घरांत डेक आला तो याच मार्गाने. पण बिघडला तर तो पुन्हा कुणाच्या तरी बॅगेतून परत जाणार.

अधिकृतपणे आलेल्यांत पहिला गाजावाजा असूसच्या आरओजी अ‍ॅलायचा. त्याची पहिली घोषणा १ एप्रिल २०२३ला झाली, त्यामुळे निम्म्या जगाला ती थट्टा वाटली. जुलैत तो भारतात आला, किंमत ६९,९९० रुपये. झेड१ एक्स्ट्रीम ही चिप, १०८० पी आणि १२० हर्ट्झची सुरेख स्क्रीन, वजन ६०८ ग्रॅम. बॅटरी मात्र ४० वॅट-तास, डेकएवढीच. लेनोव्होच्या लीजन गोने उलटी वाट धरली: ८.८ इंची अवाढव्य स्क्रीन, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढता येणारे, आणि सगळं मिळून ८५४ ग्रॅम. पलंगावर पाठीवर पडून खेळायची सवय असेल तर हा आकडा विसरू नका. डुलकी लागली की तो नाकावर येतो. एमएसआयचा पहिला क्लॉ इंटेलची चिप घेऊन २०२४मध्ये आला आणि समीक्षकांकडून मार खाऊन गेला. पुढच्या पिढीच्या लूनार लेक चिपने, ८० वॅट-तासांच्या बॅटरीसह, ती नामुष्की बरीच भरून काढली. असूसनेही २०२४च्या अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी दुप्पट, ८० वॅट-तास केली, रॅम २४ जीबी केली, आणि चिप आहे तीच ठेवली. यंत्र एकदम शहाणं झालं. ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टचं नाव जोडून आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आले. त्यातला मोठा भाऊ अमेरिकेत ९९९ डॉलरला आणि आपल्याकडे लाखाच्या पुढे.

सत्तर-ऐंशी हजारांत स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला गेमिंग लॅपटॉप येतो, हे इथे सांगून टाकतो. निव्वळ फ्रेमच्या हिशेबात हँडहेल्ड हरतो. पुढचं ज्याला मंजूर असेल त्यानेच वाचावं.

वीज जाते कुठे? सोपा हिशेब आहे. बॅटरीतले वॅट-तास भागिले सगळ्या यंत्राची ओढ. अ‍ॅलायचा टर्बो मोड चिपला २५ वॅट देतो. स्क्रीन, रॅम, पंखा, वाय-फाय मिळून आणखी दहाएक वॅट. चाळीसला पस्तीसने भागा: तासभर आणि वर थोडी मिनिटं. लोणावळा ते दादर एवढंही नाही. तोच अ‍ॅलाय दहा वॅटच्या सायलेंट मोडमध्ये ठेवून एखादा हलका गेम खेळलात तर अडीच तास निघतात. ऐंशी वॅट-तासांच्या अ‍ॅलाय एक्सला चिपवर १७ वॅट दिले तरी तीन तास होतात. म्हणून म्हणतो, खोक्यावर चिपचं नाव वाचण्याआधी बॅटरीचा आकडा वाचावा. विमानात हाताशी ठेवून नेता येणाऱ्या बॅटरीची विनापरवाना मर्यादा १०० वॅट-तास असते, त्यामुळे उत्पादकांना हा आकडा मनमानी वाढवताही येत नाही.

चिपला जास्त वॅट दिले की फ्रेम त्याच प्रमाणात वाढतील, ही समजूत सगळ्यात महाग पडते. १५ वरून २५ वॅटवर गेलं की वीज दीडपटीहून जास्त लागते, फ्रेममधली वाढ मात्र त्याच्या आसपासही जात नाही, कारण तोवर अडथळा चिपचा राहिलेला नसतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच रॅममधून माहिती ओढत असतात आणि ती वाटच तुंबते. पंधराच्या पुढचा प्रत्येक वॅट थोडा चैनीचा आहे. चार्जर लावलेला असेल तर खुशाल करावी ती चैन.

दुसरा खर्च स्क्रीनचा, आणि इथे जाहिरात ग्राहकाच्या थेट विरोधात उभी असते. डेकची स्क्रीन भरायला १० लाख २४ हजार ठिपके रंगवावे लागतात. अ‍ॅलायच्या १०८० पी स्क्रीनला सुमारे २० लाख ७४ हजार, म्हणजे दुप्पट. पहिल्या लीजन गोच्या २५६० × १६०० स्क्रीनला डेकच्या नेमके चौपट. काम चौपट, पण चिपची ताकद काही चौपट नाही. मग होतं असं की लीजन गोचे मालक घेतल्यावर पहिलं काम करतात ते रिझोल्यूशन निम्म्यावर आणण्याचं. सात-आठ इंचांवर हाताच्या अंतरावरून ८०० पी आणि १०८० पी यातला फरक अक्षरं वाचताना दिसतो. राक्षस अंगावर येत असताना नाही. गेममध्ये एफएसआर असेल तर चित्र लहान आकारात रंगवून मोठं करणं त्याच्यावर सोपवावं. डेस्कटॉपच्या मोठ्या मॉनिटरवर खटकणारा त्याचा धुरकटपणा इथे बहुतेक वेळा लपून जातो.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते: चाळीस फ्रेम. साठ फ्रेमच्या वेगात एक चित्र १६.७ मिलीसेकंद टिकतं, तीसमध्ये ३३.३. चाळीसमध्ये २५, म्हणजे दोघांच्या अगदी मधोमध. तीसपेक्षा दहाच फ्रेम जास्त देऊन साठकडे जाणाऱ्या वाटेचं निम्मं अंतर कापून होतं. मात्र स्क्रीनचा वेगही त्याच्या पटीत हवा: डेकच्या एलसीडीवर ४० हर्ट्झ, १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर दर तिसऱ्या ठोक्याला एक चित्र. डेकवर मर्यादा घालण्याची सोय उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांच्या बटणामागे आहे, तीही प्रत्येक गेमसाठी वेगळी लक्षात ठेवणारी. ‘स्टारड्यू व्हॅली’ला पाच वॅट पुरतात. त्याला पंधरा देणं ही निव्वळ उधळपट्टी.

झोपेचा प्रश्न मी वर दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, पण आयुष्य कसं आहे त्यावर तो काहींसाठी पहिला ठरेल. हँडहेल्ड घेणारा माणूस बहुधा तिशी-चाळिशीचा, खेळायला सलग दोन तास न मिळणारा. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये वीस मिनिटं, मूल झोपल्यावर अर्धा तास. त्याला हवं असतं ते एवढंच, की बटण दाबलं की लढाई जिथल्या तिथे थांबावी आणि परत दाबलं की तिथूनच सुरू व्हावी. डेकवरची स्टीमओएस ही लिनक्स प्रणाली हे काही सेकंदांत आणि भरवशाने करते. विंडोजचं तसं नाही. त्याच्या नव्या पद्धतीच्या झोपेत यंत्र पूर्ण निजत नाही. नेटवर्क जागं ठेवतं, अपडेट शोधतं, कधी स्वतःच उठून बसतं. बॅगेत ठेवलेला हँडहेल्ड काढावा तर तो गरम आणि बॅटरी अर्धी, ही तक्रार विंडोजवाल्यांत जुनीच आहे. यावर उपाय म्हणजे पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट नेमून देणे. उठायला जास्त सेकंद लागतात, पण वीज जात नाही.

विंडोजचा हँडहेल्ड घरी आला की पहिली संध्याकाळ खेळायला मिळेल, अशी आशा धरू नये. सात इंची स्क्रीनवर बोटाने पासवर्ड टाका, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडा, विंडोज अपडेट, रीस्टार्ट, पुन्हा अपडेट. मग बायोस, मग एएमडीचा ड्रायव्हर, मग असूसचं आर्मरी क्रेट किंवा लेनोव्होचं लीजन स्पेस स्वतःला अपडेट करणार. क्रमही हाच ठेवावा. चार्जर लावूनच बसावं, कारण बायोस अर्ध्यावर असताना वीज गेली तर सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते. कीबोर्ड-माउस जोडायला एक यूएसबी-सी हब जवळ असला की हे काम निम्म्या त्रासात होतं.

त्यानंतर तीन-चार फेरफार करण्यासारखे आहेत. रॅम प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची सामाईक असल्याने त्यातला वाटा ग्राफिक्ससाठी राखून ठेवावा लागतो. १६ जीबीच्या अ‍ॅलायमध्ये तो चारवरून सहा केला की जड गेम सुधारतात, पण विंडोजला दहाच उरतात, त्यामुळे आठवर नेण्याचा मोह टाळावा. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद केल्याने काही गेमना वेग मिळतो, हे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं आहे. पण त्याच यंत्रावर बँकेचे व्यवहार करणार असाल तर ती चालूच ठेवा. स्टीम, एपिक, एक्सबॉक्स असे लाँचर सुरुवातीलाच उघडणार नाहीत असं करा. प्रत्येक जण मागे बसून रॅम आणि वीज दोन्ही खात असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, घरी कायम चार्जरला लावून खेळणाऱ्याने ती जरूर वापरावी. स्टीमओएसमध्येही ती २०२५मध्ये आली. एक्सबॉक्स अ‍ॅलायबरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोजचा डेस्कटॉप मागे ठेवून थेट गेमच्या पडद्यावर नेणारी पूर्णस्क्रीन सोय आणली आणि ती हळूहळू इतर हँडहेल्डना देऊ केली. सुधारणा खरी आहे. उशिरा सुचली, एवढंच.

स्टीमओएसवर पहिला दिवस याच्या मानाने आळशी जातो. वाय-फाय, खातं, एक अपडेट, झालं. खोलात जायचं तर डेस्कटॉप मोड आहे. खाली आर्क लिनक्स, वर केडीई. मूळ फाइलींना कुलूप असतं त्यामुळे नवख्याच्या हातून यंत्र सहसा मोडत नाही. नवी सॉफ्टवेअर डिस्कव्हर या दुकानातून घ्यायची. एपिक आणि जीओजीवर घेतलेले गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतले गेम मात्र इथे इन्स्टॉल होत नाहीत, आणि ज्याने त्याचे पैसे भरले आहेत त्याच्यासाठी विंडोजची बाजू एवढ्याने जड होते. मे २०२५मध्ये लीजन गो एस हा दुसऱ्या कंपनीचा पहिला अधिकृत स्टीमओएस हँडहेल्ड आला, त्याच सुमारास अ‍ॅलायसारख्या एएमडी यंत्रांसाठीही आधार सुधारला. एकाच लीजन गो एसवर दोन्ही प्रणाली घालून चाचण्या झाल्या तेव्हा बऱ्याच गेममध्ये स्टीमओएसने जास्त फ्रेम दिल्या आणि हलक्या गेममध्ये बॅटरी कितीतरी जास्त पुरवली. विंडोजचा गेम विंडोजपेक्षा दुसरीकडे बरा चालावा, यावर काय बोलायचं! फेडोरावर आधारलेलं बॅझाइट हे मोफत सॉफ्टवेअरही असाच अनुभव देतं आणि हार्डवेअरचा आधार त्याचा अधिक रुंद आहे. भारतात अधिकृत वॉरंटीचा अ‍ॅलाय घेऊन त्यावर बॅझाइट घालणं हा मार्ग अनेकांना सोयीचा पडेल. आधी विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह मात्र करून ठेवायचा.

हे सगळं एका भिंतीला येऊन थांबतं. ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड हे फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे तो गेम लिनक्सवर चालत नाही. ‘फोर्टनाइट’ नाही. ‘डेस्टिनी २’ नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, २०२४च्या अखेरीस त्यांनी लिनक्सला दार लावलं. ‘जीटीए ऑनलाइन’चंही त्याच वर्षी तेच झालं. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट ही दोन फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेमवाल्याने परवानगीची कळ दाबायची असते. ती बरेच जण दाबत नाहीत. विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर आपल्या गेमचं नाव टाकून पाहावं. व्हॉल्व्हचा ‘व्हेरिफाइड’ शिक्का उपयोगी आहे, पण तो अक्षरं वाचता येतात का, बटणं बरोबर दिसतात का हे पाहतो. पुढच्या अपडेटनंतर काय होईल याची हमी देत नाही. ज्या कॉलेजकुमाराचं खेळणं म्हणजे मित्रांबरोबरचं ‘व्हॅलोरंट’, त्याने हँडहेल्डच्या वाटेला जाऊच नये. विंडोजवाल्याच्याही नाही: नेमबाजी जॉयस्टिकची नव्हे, माउसची. त्याने लॅपटॉप घ्यावा.

साठवणुकीबद्दल. ‘बाल्डर्स गेट ३’ एकटा दीडशे जीबी मागतो. डेक आणि पहिल्या अ‍ॅलायमध्ये २२३० मापाची छोटी एसएसडी असते, अ‍ॅलाय एक्समध्ये लॅपटॉपची नेहमीची २२८०, जी स्वस्त आणि सहज मिळते. बदलणं अवघड नाही, मात्र उघडण्याआधी डेकची बॅटरी बायोसमधून स्टोरेज मोडमध्ये टाकावी आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. कार्ड आत ठेवून मागचं झाकण ओढल्याने मोडलेली कार्डं पुष्कळ आहेत. वॉरंटीच्या यंत्राचा स्क्रू फिरवण्याआधी अटी वाचा. हलक्या आणि जुन्या गेमना मायक्रोएसडी कार्ड चालतं, पण ते ओळखीच्या विक्रेत्याकडूनच. वर ५१२ लिहिलेलं आणि आत ३२ भरणारं कार्ड आपल्या बाजारात दुर्मीळ नाही. घरात आधीच पीसी असेल तर स्टीमची एक सोय फारशी कुणी वापरत नाही: गेम एकदा पीसीवर उतरवला की तो घरच्याच वाय-फायवरून हँडहेल्डवर जातो. होस्टेलच्या मोजून मिळणाऱ्या डेटावर राहणाऱ्यांसाठी हे वरदान आहे.

आणि ऊन. २०२२च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत व्हॉल्व्हने जाहीर सांगितलं होतं की डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत सर्वोत्तम चालतो, त्यापुढे तो स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळिशीला टेकतो. तिथे कूलर असलेल्या खोलीबाहेर टर्बो मोडचं नाव काढू नये. वॅट कमी ठेवणं हा तिथे बॅटरीचा नव्हे, यंत्राच्या तब्येतीचा प्रश्न आहे. उष्णतेने पहिल्या अ‍ॅलायला आणखी एक दुखणं दिलं: कार्डाचा खाचा गरम हवेच्या वाटेजवळ असल्याने तो कार्ड ओळखेनासा होऊ शकतो, हे असूसने २०२३मध्येच मान्य केलं. जॉयस्टिक आपोआप सरकत राहणं हा झिजेचा आजार. हॉल इफेक्टच्या, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या जॉयस्टिकना तो सहसा होत नाही. लीजन गोमध्ये त्या मुळातच आहेत, डेकला बाहेरून आणून बसवता येतात.

चार्जर ६५ वॅटचा यूएसबी-सी पीडी घेतला की बहुतेक सगळ्यांचं भागतं. पॉवर बँक घेताना एमएएचपेक्षा वॅट पाहा. वीस हजार एमएएच म्हणजे कागदावर ७४ वॅट-तास, रूपांतरात गळून डेक जेमतेम एकदा आणि वर थोडा भरतो. आणि बँक ४५ वॅट देऊ शकत नसेल तर जड गेम चालू असताना बॅटरी चढण्याऐवजी उतरत राहते.

खेळायचं काय, याला उत्तर तुमच्या आवडीचं. पण या यंत्राला काय शोभतं ते सांगता येतं. ‘हेडीस’, ‘बालात्रो’, ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ यांसारखे, एक डाव वीस-तीस मिनिटांत उरकणारे गेम इथे डेस्कटॉपपेक्षा जास्त रंगतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ही याच आकाराला शोभतो. त्याच्यासाठी २०१७मध्ये मागितलेली लोकवर्गणी पुरी पडली नव्हती, तरी टीमने तो २०२०मध्ये आधी स्विचवर आणि मग पीसीवर आणला. भाऊ गोलूला शोधत निघालेली राजी, राजस्थानी हवेल्या, पहाडी चित्रशैलीचे रंग. ओएलईडीवर हे रंग पाहण्यासारखे आहेत. मोठ्या गेममध्ये ‘सायबरपंक’ने डेकसाठी खास सेटिंग दिलं, आणि ‘बाल्डर्स गेट ३’च्या लॅरियनने २०२५मध्ये डेकसाठी स्वतंत्र आवृत्ती काढली. तिसऱ्या अंकातल्या शहरात मात्र अजूनही फ्रेमचा जीव जातो.

किमती उतरतील म्हणून थांबणाऱ्यांना सध्या फारसं सुख दिसत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवली आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. डिसेंबरमध्ये व्हॉल्व्हने डेकच्या स्वस्त एलसीडी मॉडेलचं उत्पादनही थांबवलं. त्यामुळे जुन्या यंत्रांचा बाजार तेजीत राहील. जुना घेताना चारही बाजूंनी तपासावा: सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही जॉयस्टिक सोडल्यावर ठिपका मध्यावर येतो का, पंखा खरखरतो का, कार्ड वाचतो का, झोपवून पंधरा मिनिटांनी उठवल्यावर गेम तिथेच आहे का. बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता दोन्ही प्रणालींत पाहता येते. ६४ जीबीचा जुना डेक स्वस्तात मिळाला तर घाबरू नका; आत मोठी एसएसडी बसते. न बदलता मात्र तो वापरवत नाही, कारण गेम कार्डावर टाकले तरी शेडर आणि प्रोटॉनच्या फाइली आतलीच जागा भरत जातात.

आज मला एकच निवडायचा असता, आणि परदेशातून कुणी येणार असतं, तर मी डेक ओएलईडी मागवला असता. वॉरंटी इथलीच हवी असेल तर ८० वॅट-तासांचा अ‍ॅलाय एक्स, भले मागच्या पिढीचा का असेना. गेम पास असेल तर त्यावर विंडोज ठेवावं, नसेल तर बॅझाइट घालावं, आणि मोड १७ वॅटवर लावून टाकावा.